टोचून घेणं आणि टोचून बोलणं

एमिल,

तुझ्या घरी मी पिठलं-भात घेऊन गेलो होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण दुसऱ्या कोणाकडून कळलं तर तू मला जन्मभर, म्हणजे माझ्या जन्मभर, चिडवशील.

ज्या घरात माणूस जातो त्या घरात चूल पेटत नाही, शेजारपाजारच्यांनी पिठलं-भात पोचवायचा. हे आमच्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. हॉस्पिटलमधून तुझ्या बायकोचा, क्लोदीनचा, फोन आला आणि माझी बायको मधुरा बेसन कालवायला लागली. मी कपाटातून पांढरा कुडता काढला. ड्युसेलडॉर्फच्या ट्राममध्ये, भर जानेवारीत, मांडीवर गरम डबा आणि जॅकेटखालून लोंबणारा पांढरा कुडता. आपण कसे दिसतोय हा विचारही मनात आला नाही.

तुमच्या जिन्यातच तळणाचा वास आला. दार उघडं होतं. आत पाय ठेवायला जागा नव्हती आणि झाडून सगळी माणसं काळ्या कपड्यांत. चारही शेगड्यांवर भलीमोठी पातेली, आख्खे मासे, तळलेली केळी, शेंगदाणे घालून शिजवलेला तो तुमचा कडू पाला. बाहेरच्या खोलीत बायका टाळ्या वाजवून गात होत्या. चूल पेटत नाही म्हणे. तुमच्याकडे तर इमारतीतल्या सगळ्या चुली एकदम पेटल्यासारख्या होत्या.

पुढचं ऐक. त्या सगळ्या काळ्यात मी एकटा पांढरा. म्हणजे कपड्यानं. तुझे एक दूरचे काका उठले, मला हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि सगळ्यांना गप्प केलं. त्यांना वाटलं, मी कुठल्यातरी देवळाचा पुजारी आहे. म्हणाले, “फादर, आमच्या एमिलसाठी दोन शब्द.” मी मधुराकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. मला पाठ असलेलं एकच येतं, लहानपणी तिन्हीसांजेला दिव्यापुढे म्हणायचो ते. तेच म्हटलं. त्यात देवाकडे आरोग्य मागितलेलं असतं, हे म्हणून झाल्यावर लक्षात आलं. सगळे ‘आमेन’ म्हणाले.

पिठलं मात्र संपलं. तुझ्या मावशांनी ते केळ्यांना लावून खाल्लं आणि आणखी आहे का विचारलं.

मला तेव्हा माझे वडील गेले होते ते आठवलं. व्हिसाच्या घोळात मला पुण्याला पोचता आलं नव्हतं आणि तू संध्याकाळी दारात उभा राहिलास, एका हातात बिअरचा क्रेट, दुसऱ्या हातात फॉइलमध्ये गुंडाळलेला हा एवढा तळलेला मासा. सुतकात. मधुरानं ज्या नजरेनं त्या माशाकडे पाहिलं होतं तिची तू शेवटपर्यंत नक्कल करून दाखवायचास. पण तिनं तो फेकला नाही, बाल्कनीतल्या बर्फात ठेवला. तू जमिनीवर बसलास, माझ्या वडिलांचं नाव विचारलंस, ते चार-पाच वेळा नीट म्हणून पाहिलंस, आणि मग काही न बोलता बसून राहिलास. तेव्हा मला वाटलं होतं की हा माणूस कमी बोलतो. नंतरच्या वर्षांनी तो गैरसमज दूर केला.

तर त्या दिवशी तुझ्या घरी, पिठल्याचा रिकामा डबा धुऊन परत देताना क्लोदीननं मला बाल्कनीत बोलावलं. तिचा आवाज रडून बसला होता आणि तिच्या हातात तो दम्याचा पंप होता. म्हणाली, “मिलिंद, तू सारखा त्याच्या मागे लागायचास. टोचून घे, टोचून घे. आता मला सांग. डॉक्टर म्हणतात, तुम्हाला दमा आहे, न्यूमोनियाची लस घ्या. घेऊ?”

मी तोंड उघडलं. ती म्हणाली, “थांब. आधी ऐक. मी घेतली तर त्याचा अर्थ तो चुकला. तो गेलाय आणि मी जगाला सांगणार, माझा नवरा चुकला म्हणून. आणि नाही घेतली, आणि मला काही झालं, तर लेकीला आईही नाही. आता बोल.”

एमिल, या विषयावर माझ्याकडे इतकी वर्षं भाषणं तयार होती. आलेख होते. तुला पाठवलेल्या लिंका होत्या, ज्या तू कधी उघडल्या नाहीस. आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, “पिठल्यात लसूण जरा कमी पडला ना?”

तिनं माझ्याकडे बघितलं. आणि आत गेली.

तेव्हापासून मी या प्रश्नाभोवती फिरतोय, आणि तो तुलाच विचारावासा वाटतोय. हा एक नवा मूर्खपणा.

आपली ओळखच घोटाळ्यातून झाली. तू एमिल, मी मिलिंद. ऑफिसच्या मेलमध्ये कोणी ‘मिल’ टाइप केलं की आपण दोघं एकाखाली एक यायचो. तुझं कौतुक मला यायचं, माझ्या चुका तुला. मी तुझं कौतुक पुढे पाठवायला कधीकधी विसरायचो. तू मात्र कॉफीचा मग घेऊन माझ्या टेबलाशी यायचास, बिनसाखरेची कॉफी, कारण शुगर दोघांनाही, आणि गंभीरपणे म्हणायचास, “मिलिंद, आज तुझ्या नावाच्या बऱ्याच शिव्या मला मिळाल्यात. वाटून घेऊया.”

मग ते ‘शिम्फेन’. ते तर लिहायलाच हवं, कारण ऑफिसात अजून कोणी नवीन आलं की ते सांगितलं जातं, आणि आता सांगायला तू नाहीस.

साथ ओसरत होती. बऱ्याच महिन्यांनी सगळे ऑफिसात जमले होते आणि साहेबांनी विचारलं, सगळे कसे आहात. मला जर्मन बोलायची हौस. मी उभा राहिलो. म्हणालो, “मी दोनदा गेशिम्फ्ट झालोय. अजिबात त्रास झाला नाही. उलट घरी जाऊन छान झोप लागली. प्रत्येकानं लवकरात लवकर शिम्फेन करून घ्यावं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तर आधी.”

जर्मन माणसं सभ्य. कोणी हसलं नाही. एकानं तर मान डोलवून ‘गेनाऊ’, म्हणजे अगदी बरोबर, म्हटलं. तू मात्र टेबलाखाली गेलास, पेन पडल्याचं नाटक करून, आणि बराच वेळ वर आला नाहीस. नंतर कॉफीच्या मशीनपाशी मला समजावलंस, “इम्फेन म्हणजे लस टोचणं. शिम्फेन म्हणजे रागावणं, शिव्या घालणं. तू सगळ्यांना सांगितलंस की म्हाताऱ्या माणसांना आधी शिव्या घाला.”

मी डोकं धरलं. तू म्हणालास, “काळजी करू नकोस. माझं फक्त दुसरं झालंय, पहिलं नाही. आणि त्याला अपॉइंटमेंट लागत नाही.”

मी हसलो. तू हसत होतास म्हणून हसलो.

मग मी तुला सांगितलं की आमच्या भाषेत तर आणखी गंमत आहे. सुई टोचतात तेही टोचणं आणि शब्दांनी घायाळ करतात तेही टोचणं. टोचून घेणं, टोचून बोलणं. तुम्हाला दोन शब्द लागतात, आमचं एकातच भागतं. तू ‘तोचून’ म्हणून पाहिलंस. ट आणि त तुझ्या तोंडात एकच. तुला ते फार आवडलं. त्यानंतर कोणी तुला काही लागेलसं बोललं की तू ट्राममध्ये माझ्या कानाशी येऊन म्हणायचास, “मिलिंद, आज मला तोचलं.” मी विचारायचो, “कोणता डोस?” तू म्हणायचास, “बूस्टर.”

किती सहज झालं होतं ते. कंट्रोलरनं अख्ख्या डब्यात फक्त तुझं तिकीट तपासलं: बूस्टर. फोनवर ज्या बाईनं ‘या की घर बघायला’ म्हटलं तिला तुला दारात बघून अचानक आठवलं की घर गेलंय: बूस्टर. तुझं नाव एमिल, तुझं जर्मन आकाशवाणीसारखं. फोनवर तू त्यांचा असायचास, दारात तुझा काळा रंग दिसला की नसायचास. हे तू असं रंगवून सांगायचास की मला वाटायचं, याला याचं काही नाही. मला विनोद सांगता येतात, म्हणून मला वाटतं की जो विनोद सांगतो त्याला दुखत नाही. हे स्वतःवरून तरी मला कळायला हवं होतं.

लशीवरून आपलं भांडण कधी सुरू झालं आठवत नाही. मला खात्री होती की तुला कोणीतरी मोबाइलवर चिपबिपचे व्हिडिओ पाठवले असणार. मी आलेख घेऊन आलो. तू ते नीट पाहिलेस आणि त्यातली माझी एक चूक दाखवलीस. म्हणालास, “लस काय करते ते मला कळतं. तुझ्यापेक्षा बरं कळतं. सुई ज्या हातात असते तो हात काय करेल ते मला कळत नाही.”

आणि मग ती पोटाची गोष्ट सांगितलीस. तू विद्यार्थी होतास, दुसऱ्या शहरात, रविवारी पोटात कळा येऊन हॉस्पिटलात गेलास. तिथला डॉक्टर तुझ्याकडे न बघता म्हणाला, “उद्या सोमवार आहे. कामावर जायचं नसेल तर तसं सांगा.” वेदनेची गोळी देऊन घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी अपेंडिक्स फुटलं. तू शर्ट वर करून व्रण दाखवलास, ऑफिसच्या कँटीनमध्ये, बटाट्याचं सॅलड खाता खाता. आणि तुझ्या आजीच्या गावची गोष्ट. गोऱ्या साहेबांनी अख्खं गाव रांगेत उभं करून झोपेच्या रोगावरची म्हणून सुई टोचली होती, आणि त्यातल्या काहींचं टोचलं तिथलं मांस सडलं. तुझ्या आजीला रांग म्हटलं की भीती वाटायची. पावाच्या दुकानातही ती रांगेत उभी राहायची नाही, मुलांना पाठवायची.

मी काय म्हणालो? मी म्हणालो, “अरे, पण ते जुनं झालं.”

तू म्हणालास, “अपेंडिक्स जुनं नाही.”

मी म्हणालो, “मीही परदेशीच आहे की. मी घेतली.”

तू मान तिरकी करून माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, “मों फ्रेर, तू भारतीय. तुझ्या हातात लॅपटॉप नसला तरी त्यांना तो दिसतो.”

मों फ्रेर म्हणजे माझ्या भावा. तू ते दोन प्रसंगी म्हणायचास, प्रेमानं आणि वाद संपवायचा असला की. बहुतेक वेळा दोन्ही एकदम.

पण मी वाद संपू देणारा नव्हे. मी म्हटलं, मी नेहमी जातो त्या दवाखान्यात चल, लस तिथे घे. तिथली माणसं चांगली आहेत. आणि तुला घेऊन गेलो. आठवतं? काउंटरवरच्या बाई मला बघून खुलल्या. मी म्हणालो, “मी माझी मित्र आणली आहे, ती साखर आहे.” बाई म्हणाल्या, “वा, तुमचं जर्मन किती छान झालंय.” मग तुझ्याकडे वळल्या आणि आवाज चढवून, एकेक शब्द तोडून म्हणाल्या, “तुम्ही. कार्ड. आहे? विम्याचं. कार्ड?”

तू असं एक वाक्य बोललास की माझ्या जर्मनच्या मास्तरणीनं उभं राहून सलाम केला असता. त्यात तीन क्रियापदं शेवटी एका रांगेत उभी होती. बाईंनी ते ऐकलं, आणि माझ्याकडे बघून विचारलं, “यांना समजलंय ना, इथे थांबायचंय ते?”

आपण थांबलो नाही. तू कोट घातलास आणि बाहेर पडलास.

ट्राममध्ये मी म्हणालो, “अरे, तिला तसं म्हणायचं नसेल.”

तू खिडकीतून माझ्याकडे वळलास. मग विचारलंस, “मग कसं म्हणायचं होतं?”

मी म्हणालो, “म्हणजे... सवयीनं.”

“याऽ,” तू म्हणालास. हो, हे तसं बरोबरच आहे, असं म्हणताना जर्मन लोक म्हणतात तसं. आणि उतरलास. आपला स्टॉप नव्हता तो.

त्या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधतोय. खरंच, कसं म्हणायचं असेल तिला? वाईट बाई नाही ती. माझ्या शुगरची चौकशी करते, मधुराच्या गुडघ्याची करते. तिला रात्री झोप लागत असेल, आणि लागावी. मला तिच्यावर धड रागावताही येत नाही, कारण तू गेल्यावर मी पुन्हा तिथे गेलो, तिनं हसून ‘गुटन मॉर्गन’ म्हटलं, आणि मीही हसून म्हटलं. हसू आपोआप आलं रे. मग औषधाची चिठ्ठी घेऊन बाहेर आलो आणि सायकलच्या स्टँडपाशी उभा राहिलो, कुठे जायचंय ते न कळून.

तू आजारी पडलास तेव्हा मला वाटलं, साधा फ्लू आहे. क्लोदीन म्हणत होती, डॉक्टरकडे जा. तू म्हणालास, “पुन्हा एखाद्या काउंटरवर जाऊन खोकायचं, आणि ते ठरवणार मी खरा खोकतोय का खोटा? दोन दिवस बघू.” मी फोन केला तर मला म्हणालास, “तोचायला ये.” तुझा आवाज इतका बसला होता की मला आधी विनोद कळलाच नाही. मग न्यूमोनिया झाला, आणि अँब्युलन्स.

हॉस्पिटलात मी भांडायच्या तयारीनं आलो होतो. ट्राममध्ये वाक्यं पाठ करत आलो. ‘माझ्या मित्राकडे नीट लक्ष द्या, तो खोटं बोलत नाही.’ सगळ्या विभक्त्या तपासून घेतल्या. आत आलो तर एक नर्स तुझी दाढी विंचरत होती. हळू हळू, तुला नळ्या टोचू नयेत म्हणून एका हातानं त्या बाजूला धरून. तुझं आडनाव, जे ऑफिसात आजवर कोणाला नीट म्हणता आलं नाही, ते ती बरोबर म्हणत होती. क्लोदीनकडून शिकून घेतलं होतं तिनं. मी तिला तीन-चार वेळा ‘डांके’, धन्यवाद, म्हणालो आणि कोपऱ्यात जाऊन बसलो. पाठ केलेलं वाक्य तसंच राहिलं.

आता सांग, मी कोणावर चिडू? त्यांनी सगळं केलं. जीव तोडून केलं, मी बघितलंय. नंतर मी मोठ्या डॉक्टरांना विचारलं, लस घेतली असती तर? आधी आला असता तर? त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि म्हणाले, “कदाचित. शुगर असलेल्यांना आम्ही घ्या म्हणतो, ते उगीच नाही म्हणत. पण याच माणसाचं काय झालं असतं, ते मला सांगता येणार नाही.”

कदाचित. हा शब्द घेऊन मी फिरतोय. सकाळी मला तुझा राग येतो. एवढा हुशार माणूस, एका काउंटरवरच्या बाईला आपला जीव ठरवू देतोस? दुपारी वाटतं, एक बाई कुठे होती, त्या तर किती होत्या. संध्याकाळी वाटतं, मोठ्यानं बोलल्यामुळे कोणी मरतं का? आणि मग वाटतं, मरत असेलही, पण ते असं मरतं की कोणीच मारल्यासारखं दिसत नाही. मग मधुरा विचारते, जेवायचं का, आणि मी जेवतो. काही सुचत नाही रे. मला एक बाजू हवी आहे, आणि जिथे जाऊन उभा राहतो तिथे तू समोरच्या बाजूला हसत उभा असतोस.

क्लोदीनचा प्रश्न तर तसाच होता. मी मधुराला म्हणालो, मी तिच्यासाठी मुद्दे काढतो, व्यवस्थित, तिच्या भाषेत. मधुरा भाजी निवडत होती. म्हणाली, “मिलिंद, तुझ्या मुद्द्यांनी आजवर कोणाचं भलं झालंय?”

“मग काय करू?”

“तिच्याबरोबर जा. आणि तोंड बंद ठेव. जमेल?”

तुझ्या लेकीनं गार्चिंगहून, तिथलं कॉलेज सांभाळून, फोन फिरवून फिरवून एक दवाखाना शोधला होता. आधी स्वतः बोलली, मग आईला म्हणाली, “मामाँ, इथे जा.” काल आम्ही गेलो. क्लोदीननं ट्राममध्येच बजावलं, “मी फक्त ऐकायला चाललेय. घेणार असं म्हटलेलं नाही.” मी मान हलवली. तोंड बंद होतं.

काउंटर होताच. मी श्वास धरला. तिथल्या पोरानं क्लोदीनचं कार्ड घेतलं, नेहमीच्या आवाजात ‘बसा’ म्हटलं. बस. इतकंच. एवढ्या साध्या गोष्टीनं माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे तुला कळलं असतं तर तू टेबलाखाली गेला असतास. डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या, तरुण होत्या, केस विस्कटलेले, आणि क्लोदीनला आत घेऊन गेल्या. मी उठलो तर क्लोदीन म्हणाली, “तू बस.”

बसलो. समोर एक आजोबा मासिक वाचत होते. ते संपलं, त्यांनी दुसरं घेतलं, तेही संपलं. आत काय चाललंय ते कळेना. एवढा वेळ लस द्यायला लागत नाही, आणि नाही म्हणायलाही लागत नाही.

ती बाहेर आली ती कोट घालूनच. दंडावर पट्टी आहे का ते दिसेना. तोंड बंद ठेवायचं होतं. ट्रामपर्यंत मी बंद ठेवलं, आणि त्याबद्दल मधुरानं मला काहीतरी द्यायला हवं. ट्राममध्ये क्लोदीन आपणहून बोलली.

“तिनं विचारलं, तुम्हाला कसली भीती वाटते. मी म्हटलं, भीती नाही, मला आठवतं. मग सांगितलं. अपेंडिक्सचं, त्या काउंटरचं, सगळं. ती लिहीत नव्हती, नुसती ऐकत होती. मग म्हणाली, ते चुकीचं झालं.”

“बस?”

“बस. ‘गैरसमज झाला असेल’ असं नाही म्हणाली. चुकीचं म्हणाली. मी विचारलं, तुम्ही तिथे होतात? म्हणाली, नाही. मग तुम्ही कशाला माफी मागता? तर म्हणते, माफी नाही मागत, सांगतेय. मग मी विचारलं, म्हणजे माझा नवरा बरोबर होता?”

मी श्वास घ्यायचा थांबलो.

“तर म्हणाली, लशीबद्दल माझं मत वेगळं आहे, तुम्ही घ्यावी असं मला वाटतं. पण त्यांनी आमच्यावर विश्वास का ठेवला नाही, ते मला समजलं. त्यात ते चुकले असं मी म्हणणार नाही.” क्लोदीन खिडकीबाहेर बघत होती. “मग मी बाही वर केली.”

मला काय वाटलं ते सांगू का? आधी हायसं वाटलं. मग भयंकर राग आला. आपण इतकी वर्षं भांडलो, आणि या विस्कटलेल्या केसांच्या मुलीनं दोन मासिकांच्या वेळात ते केलं? ‘ते चुकीचं झालं.’ एवढंच? माझ्याकडे तर आलेख होते. मग वाटलं, हे वाक्य तुला कोणी म्हटलं असतं तर तू बाही वर केली असतीस? मी स्वतःला ‘हो’ म्हणून बघतो, आणि लगेच मला तुझा आवाज ऐकू येतो: “मों फ्रेर, एवढं स्वस्त समजतोस का मला?” नसती केलीस कदाचित. तिला पुन्हा एकदा यायला लावलं असतंस, आणखी एकदा, तपासून बघितलं असतंस की पुढच्या वेळीही तसंच बोलते का. तो तुझा हक्क होता. आणि तोवर तो मेला जंतू थांबला असता का? इथे माझं डोकं चालत नाही. खरंच चालत नाही, एमिल. तू चुकलास असं मला वाटतं, आणि तू चुकलास असं म्हणायचा अधिकार मला आहे असं वाटत नाही, आणि दोन्ही मला एकाच वेळी वाटतं. याला काय म्हणतात ते कोणत्याच भाषेत मला येत नाही.

आज सकाळी क्लोदीनचा मधुराला फोन आला होता. मला नाही, मधुराला. बायका बोलतात तसं बरंच बोलणं झालं, मी आपला कांदा चिरत कान देऊन. फोन ठेवल्यावर मधुरा ओट्याला टेकून उभी राहिली आणि मग तिनं सांगितलं.

सुई डाव्या दंडात दिली होती. रात्री दंड ठणकायला लागला. तू गेल्यापासून क्लोदीन डाव्या कुशीवर झोपते, भिंतीकडे तोंड करून, म्हणजे पलंगाची तुझी बाजू दिसत नाही. काल तिला डाव्या कुशीवर वळताच येईना. म्हणून उजवीकडे वळली.

पहिल्यांदा तुझ्या जागेकडे तोंड करून झोपली. झोप लागली, म्हणाली.